फडातून आलेली दुसरी बाई

तो व्हिडिओ बघून प्रगती आधी हसतच सुटली. बावड्यातल्या घराच्या पडवीत ती आणि तिची सासू द्वारकाबाई इंदापूरच्या बाजारासाठी शेवग्याच्या शेंगांच्या जुड्या बांधत बसल्या होत्या. मध्येच हात पुसून प्रगतीनं मोबाइल उघडला, तर कुठल्याशा जुन्या पिच्चरचा तुकडा समोर आला. उसाचा फड पेटलाय. धुरातून एक बाई बाहेर पडते आणि पाठमोरी बांधाकडं चालायला लागते. केस मोकळे, हातात कोयता. मग ती गर्रकन मागं वळून बघते. एवढंच. खाली कुणा सोनल नावाच्या मुलीनं लिहिलं होतं, ‘ही बाई कोण? ओळखत असाल तर कृपया कळवा.’

प्रगतीला हसू आलं, कारण बाईचा चेहरा थेट तिच्या नवऱ्याचा, सुयोगचा होता. रागावल्यावर तो अगदी असाच भुवया जवळ आणून बघायचा.

"आत्या, बघा की," ती म्हणाली. सासूला ती आत्या आणि सासऱ्यांना मामा म्हणायची. "तुमचा ल्योक लुगडं नेसून पिच्चरमधी गेलाय."

द्वारकाबाईंनी मान वर करून बघितलं. हातातली जुडी तशीच राहिली. मोबाइलमधली बाई पुन्हा पुन्हा वळून बघत होती. प्रगतीनं एकदा मोबाइलकडं बघितलं, एकदा सासूकडं, आणि तिचं हसू थांबलं.

"आत्या... ह्या तुमी हाय?"

"बंद कर ते," द्वारकाबाई म्हणाल्या. "आन् मामांम्होरं काढू नगंस."

प्रगतीनं खालचा सोनलचा मजकूर वाचून दाखवला, तरी त्या दिवशी त्या काही सांगायला तयार नव्हत्या. पण दोन दिवसांनी, भाकरी थापता थापता, त्यांनी आपणहूनच सांगायला सुरुवात केली.

द्वारकाबाई नव्यानं नांदायला आल्या होत्या तेव्हाची गोष्ट. बावड्यात एक शूटिंगवाली कंपनी आली. पिच्चरचं नाव ‘धगधगती आवडा’. बदल्याचा, मारधाडीचा, स्वस्तातला पिच्चर. सासऱ्यांनी तोडून झालेल्या फडातलं पाचट जाळायला दिलं, कडेचा थोडा उभा ऊसही दिला. पण जाळ बघून नायिकेनं कच खाल्ली. धुराचा ठसका लागला म्हणून ती गाडीत काच लावून बसली, ती उतरेचना. दिग्दर्शकाची नजर वैरणीचा भारा घेऊन आलेल्या द्वारकेवर पडली. उंची तीच, केसही लांब. त्यानं सासऱ्यांना सांगितलं, फक्त पाठ दिसेल. सासऱ्यांनी होकार दिला. द्वारकेला नायिकेचं लुगडं नेसवलं, हातात कोयता दिला, आणि ती चालली. आणि चालता चालता तिनं मागं वळून बघितलं.

ते बघणं त्या लोकांनी पिच्चरमध्ये तसंच ठेवलं. पुढं गावच्या जत्रेत तंबूत पिच्चर लागला. घरातले पुरुष बघून आले आणि घरात सुतक पडल्यासारखं झालं. इंदापूरच्या स्टँडजवळच्या पोस्टरवर चित्रकारानं तीच वळून बघणारी बाई काढली होती, फक्त तिची चोळी फाडून. लोक म्हणायला लागले, रामहरीच्या बायकोला तोंड दाखवायची हौस होती, म्हणून मुद्दाम वळली. सासऱ्यांनी जाऊन पोस्टरवर चिखल फासला. नवरा, रामहरी, एवढंच म्हणाला, "झालं ते झालं." त्यानंतर त्या पिच्चरचं नाव घरात कुणी काढलं नाही.

"आन् तुमी बघितला का त्यो पिच्चर?" प्रगतीनं विचारलं.

"बायकांला कोण नेतंय तंबूत?" द्वारकाबाईंनी भाकरी तव्यावर टाकली. ती उलटवून त्यांनी विचारलं, "त्या पोरीला काय पायजे माज्याकडनं?"

प्रगतीनं कळवलं आणि सोनल दोनच दिवसांत बावड्यात हजर झाली. बारामतीची मुलगी, वडिलांचं ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान. पुण्यात शिकून तिनं मुंबईत मालिकांच्या संकलनाचं काम केलं होतं, आणि आता काटेवाडीत एक शेतातला बंगला भाड्यानं घेऊन स्वतःचा पहिला पिच्चर करत होती. सोबत अविराज होता, तिचा कॅमेरामन. सोनलनं द्वारकाबाईंना वाकून नमस्कार केला आणि मग त्यांच्याकडं नुसती बघतच राहिली.

"काकू, तुम्हाला माहीत नाही तुम्ही कोण आहात," ती म्हणाली.

रामहरी कॉटवर बसून होते. त्यांना प्रगतीनं सकाळीच सगळं सांगितलं होतं. "कोण हाय म्हंजे?" त्यांनी विचारलं.

सोनलनं लॅपटॉप उघडला. ‘धगधगती आवडा’ तेव्हा आठवडाभरात उतरला होता, ती म्हणाली, पण पुढं त्याच्या कॅसेटी फिरल्या, मग सीड्या, मग मोबाइलवर आला. असल्या पिच्चरच्या वेड्यांचं एक वेगळंच जग असतं. त्यांना नकली रक्त आवडतं, फुटके संवाद आवडतात, चुकाही आवडतात. आणि ह्या पिच्चरमधली सगळ्यात गाजलेली चूक म्हणजे जाळातून नायिका बाहेर येते, वळून बघते, आणि पळभर तिचा चेहराच दुसऱ्या बाईचा असतो. पुढच्या शॉटला पुन्हा नायिका. असं का, कुणालाच माहीत नाही.

"तुम्हाला सगळे ‘दुसरी’ म्हणतात," सोनल म्हणाली. "आणि आता बघा."

तिनं एकामागून एक तुकडे दाखवले. दक्षिणेतल्या एका नव्या पिच्चरमध्ये पेटलेल्या ट्रकमागून एक पोलिसीण येते, वळून बघते, आणि क्षणभर चेहरा वेगळ्याच बाईचा. एका हिंदी मालिकेत जळत्या गोदामातून एक पोरगी येते, वळते, चेहरा दुसरा. एका कॉलेजच्या पोरांनी केलेल्या छोट्या भुताच्या पिच्चरमध्येही तेच. कारण काही नाही. ज्याला ठाऊक आहे त्यानं ओळखावं, एवढ्यासाठी केलेला तो सलाम होता.

द्वारकाबाई चष्मा सावरून बघत होत्या. कुठल्या कुठल्या गावच्या परक्या बाया, आणि सगळ्यांच्या भुवया तशाच जवळ आलेल्या.

"ह्या समद्या माज्यावानी का बघत्यात?" त्यांनी हळूच विचारलं.

"कारण तसं दुसऱ्या कुणाला जमलं नाही, काकू. तो राग! आम्ही तर त्याच्यावर तासन्‌तास बोललोय. सगळं जळून गेलेल्या बाईचा राग. खरं सांगा, वळताना तुमच्या मनात काय होतं?"

द्वारकाबाई पदराशी चाळा करत राहिल्या.

"राग कुठला, बाई," त्या शेवटी म्हणाल्या. "ह्ये हंडा घिऊन उभं व्हतं कॅमेऱ्याजवळ. जाळ कुटं सरकला तर पाणी मारायला. मी चालाय लागले आन् मागं मोठ्यांदा कायतरी फुटल्यावानी आवाज झाला. मला वाटलं, जाळ ह्यांच्यावर आला. म्हून वळले. धुरात ह्येच दिसंनात मला. डोळं ताणून बघत व्हते, कुठं हायती म्हून."

अविराजनं घसा खाकरला आणि बाहेर बघायला लागला. सोनलचं तोंड उघडंच राहिलं होतं.

रामहरी कॉटवरून उठले. दारापर्यंत गेले, परत आले. "मला कदी सांगितलं न्हाय तू," ते म्हणाले.

"तुमी इच्यारलं कदी?"

"लोक म्हनलं..." ते थांबले. मग सोनलकडं वळून जवळजवळ ओरडलेच, "लाव गं पोरी ते परत. तेवढंच लाव."

सोनलनं लावलं. रामहरी लॅपटॉपसमोर उकिडवे बसले. बाई वळली. त्यांनी पुन्हा लावायला सांगितलं. बाई पुन्हा वळली. त्यांनी उपरण्यानं तोंड पुसलं आणि चहा टाकायला प्रगतीला हाक मारली, जरी चहा समोरच होता.

चहानंतर द्वारकाबाई म्हणाल्या, "समदाच दाव की आता. काय केलंय तरी आमच्या रानात."

मग पडवीत पडदे सोडून सगळ्यांनी ‘धगधगती आवडा’ पहिल्यापासून बघितला. रक्त रंगपंचमीसारखं उडत होतं. खलनायक हसला की पाठीमागं ढोल वाजायचे. एका मारामारीत मागच्या बांधावर रामहरींचा बैल शांतपणे चरताना दिसला, तेव्हा रामहरींनी त्याला नावानं हाक मारली. द्वारकाबाईही हसल्या, अगदी डोळ्यांत पाणी येईपर्यंत. इतकी वर्षं ज्या गोष्टीची धास्ती वाटली ती ही एवढीशी होती.

शेवट आला. नायिकेनं, आवडानं, एकेका वैऱ्याला संपवलं, आणि मग ती विहिरीच्या काठावर उभी राहिली. आता अब्रू गेल्यावर जगून काय करायचं, असं काहीतरी म्हणून तिनं उडी मारली. पिच्चर संपला.

द्वारकाबाईंचं हसू मावळलं. "ह्ये काय?"

"तेव्हाचे पिच्चर असेच संपायचे," सोनल म्हणाली.

"येवढ्या जाळातनं भाईर आलेली बाई, ती हिरीत कशापायी उडी मारंल? आन् तुज्या पिच्चरमधी?"

सोनल जरा अडखळली. तिच्या ‘राखेतली बाई’ची गोष्टही बदल्याचीच होती, आणि जुन्या पिच्चरला मानवंदना म्हणून तिनं तो शेवट जसाच्या तसा घेतला होता. तीच विहीर, तसाच कोन, तीच उडी. तिला द्वारकाबाई हव्या होत्या त्या फक्त जाळाच्या प्रसंगात पळभर वळून बघण्यापुरत्या.

"मान द्यायचा म्हंजे तीच चूक परत करायची व्हय?" द्वारकाबाईंनी विचारलं.

"काकू, चूक आवडली म्हणूनच तर तुम्हाला शोधत आले," सोनल म्हणाली. तिलाही जरा लागलं होतं. "चेहरा बदलणं ही चूकच होती ना? ती काढली असती तर तुम्ही पिच्चरमध्ये नसताच. मग मी कुठली चूक ठेवायची आणि कुठली टाकायची, हे कसं ठरवू?"

"ते मला न्हाय ठावं. तू शिकलेली हायस. पण उडी मारनाऱ्या बाईच्या पिच्चरमधी मी न्हाय यायची." त्यांचा आवाज चढला नव्हता. "पोरी बघत्यात गं ह्ये समदं."

सोनल निघाली तेव्हा तिचा चेहरा उतरला होता. प्रगतीला वाईट वाटलं. गाडीपर्यंत जाऊन तिनं सोनलच्या हातात शेवग्याच्या शेंगांची जुडी दिली.

पुढं चार-पाच दिवस काहीच कळलं नाही. द्वारकाबाई शेतावर जात-येत राहिल्या. रामहरी मात्र रोज जेवताना विचारायचे, "त्या पोरीचा फोन?" एकदा तर प्रगतीला म्हणाले, "आपून लावला तर चालतो का?"

मग फोन आला. सोनल इतक्या घाईनं बोलत होती की प्रगतीला तिला दोनदा थांबवावं लागलं. शेवटी तिनं मोबाइल सासूच्या कानाला लावला.

"काकू, जाळातून नायिका येते. वळून बघते. चेहरा तुमचा होतो. लोकांना वाटणार, नेहमीचा सलाम झाला, संपलं. पण शेवटी ती विहिरीच्या काठावर जाते ना, तेव्हा तुम्ही पुन्हा येता. म्हणजे चेहरा बदलला नव्हताच. दुसरी बाई खरोखरच होती, फडात, तिच्या मागं. आणि तुम्ही तिला हात धरून मागं ओढता."

द्वारकाबाई ऐकत राहिल्या. "आन् मग?"

"मग काय, दोघी चालायला लागता. पुढचं मलाही माहीत नाही."

"कोयता कुनाच्या हातात ऱ्हातो?"

"ते तुम्हीच सांगा."

"बघू," द्वारकाबाई म्हणाल्या, आणि फोन ठेवल्यावर कपाटातून नवीन लुगडं काढायला गेल्या.

जाळाचा प्रसंग काटेवाडीच्या एका फडात घेतला. आता जाळ गॅसच्या नळ्यांतून यायचा, चावी फिरवली की विझायचा. तरी रामहरींनी त्या माणसाला प्रश्न विचारून भंडावून सोडलं आणि पाण्याचा टँकर स्वतः दोन्हीकडून फिरून बघितला. संस्कृती नावाची पोरगी नायिका होती. तिच्या अंगावर साखरेच्या पाकात कालवलेलं लाल रक्त थापलं होतं, आणि त्याला गांधीलमाश्या लागल्या होत्या. द्वारकाबाईंनी तिच्या शेजारी बसून पदरानं माश्या हाकलल्या. वळून बघण्याचा शॉट लगेच झाला. अविराजनं कॅमेऱ्यातून डोकं वर काढलं आणि तो नुसता हात जोडून उभा राहिला.

विहीर सांगवीच्या एका शेतकऱ्याची होती, दगडी, रुंद काठाची. काठाखाली लोखंडी मांडव घालून त्यावर जाळी आणि गाद्या पसरल्या होत्या. संस्कृतीनं काठावर उभं राहायचं आणि द्वारकाबाईंनी मागून येऊन तिचा हात धरायचा. पण इथं काही केल्या जमेना. पहिल्यांदा द्वारकाबाईंनी कॅमेऱ्याकडंच बघितलं. मग हात धरला तो बांगड्या भरणाऱ्या कासारणीसारखा, अगदी हलक्यानं. पुन्हा, पुन्हा. ऊन वाढलं, पाक वितळून ओघळायला लागला.

"काकू, जोरात ओढा," अविराज म्हणाला. "तिला काही होणार नाही, खाली जाळी आहे."

"आरं, जाळी हाय ठावं हाय म्हून तर हात चालंना," द्वारकाबाई वैतागून म्हणाल्या.

सोनल त्यांच्याजवळ येऊन बसली. तिनं समजावलं नाही, पाणी दिलं. थोड्या वेळानं द्वारकाबाईच म्हणाल्या, "पोस्टर लागलं न्हवं स्टँडवर, तवा मी बी गेलते आमच्या हिरीवर. संध्याकाळचं. पानी बघत हुबी ऱ्हायले."

सोनल त्यांच्याजवळ सरकली. "मग?"

"मग काय. म्हस रेकाय लागली. धार काढायची व्हती. आले माघारी." त्यांनी पाणी पिऊन ग्लास खाली ठेवला. "चल, घे आता."

त्या वेळी द्वारकाबाई आल्या त्या धावतच. त्यांनी संस्कृतीचं मनगट असं धरलं आणि असं खेचलं की दोघीही मागं धुळीत आदळल्या. संस्कृती किंचाळली, आणि मग तिला हसू फुटलं, तोंडावर रक्त, केसांत माती, आणि ती हसतेय. द्वारकाबाई हसत नव्हत्या. पडल्या पडल्याच तिला धरून त्या म्हणत होत्या, "उठ. घरला चल. उठ आधी." हे वाक्य कुणी लिहिलेलं नव्हतं. सोनल कट म्हणायला विसरली. कॅमेरा चालू राहिला.

लागलं तर नाही ना, म्हणून रामहरी धावत गेले. मग चित्रीकरण चालू आहे हे लक्षात येऊन मध्येच थबकले आणि तिथंच खाली बसले.

‘राखेतली बाई’ बारामतीला लागायला आणखी वर्ष गेलं. सकाळचा एकच खेळ मिळाला. बावड्यातून दोन जीप भरून माणसं आली, त्यात निम्म्याहून जास्त बायका. प्रगतीनं सगळ्यांना गोळा केलं होतं. पुढच्या रांगांत कॉलेजची पोरं होती. पहिलं मुंडकं उडालं तशा त्यांनी शिट्ट्या मारल्या. बावड्याच्या बायकांनी डोळ्यांवर पदर घेतले, आणि फटीतून बघितलं. जाळातून संस्कृती आली, वळली, चेहरा बदलला. "दुसरी! दुसरी!" पोरं ओरडली आणि त्यांनी टाळ्या पिटल्या. त्यांना वाटलं, सलाम झाला.

मग विहीर आली. थिएटर शांत झालं. जुना पिच्चर ज्यांना पाठ होता त्यांना उडी माहीत होती. संस्कृतीचा एक पाय काठावरून सुटला, आणि मागून कोणीतरी धावत आलं.

"ओढ! ओढ तिला!" मागच्या रांगेतून एक बाई ओरडली. ती बावड्याची नव्हती. कुठली होती, कुणास ठाऊक.

पडद्यावर दोघी धुळीत पडल्या. कुणी हसलं नाही. ‘उठ. घरला चल,’ असं पडद्यावरच्या द्वारकाबाई म्हणाल्या, तेव्हा रामहरींनी अंधारातच बायकोचा हात धरला. चारचौघांत त्यांनी तसं कधी केलं नव्हतं. द्वारकाबाईंनी तो सोडवून घेतला नाही.

बाहेर आल्यावर पोरांनी द्वारकाबाईंना गराडा घातला. एक मुलगी म्हणाली, "मावशी, एकदा तसं बघा ना." त्यांनी बघायचा प्रयत्न केला, पण हसूच यायला लागलं. शेवटी फोटोत त्या हसतानाच आल्या.

सोनल खांबाला टेकून उभी होती. रात्रभर झोपली नसावी. द्वारकाबाई तिच्याजवळ गेल्या.

"जेवलीस का?"

सोनलनं नकारार्थी मान हलवली.

"मग चल. हितं जवळ कुठं चांगलं मिळतंय, ते तुलाच ठावं. गाव तुजं हाय." मग जीपकडं वळून त्यांनी हाक दिली, "अवं, ऐकलं का? समदी जेवूनच जाऊ."

चौदा-पंधरा माणसं उन्हातून रस्ता ओलांडून खानावळीकडं निघाली. चालता चालता सोनल पुढच्या पिच्चरची गोष्ट सांगायला लागली. त्यात एक भूत होतं, एक साखर कारखाना होता, आणि एक म्हातारी पोलीस पाटलीण होती.

"म्हातारी?" द्वारकाबाई थांबल्या. "कितीशी म्हातारी?"